प्लेग, प्रशासन आणि लोकविश्वास : मुंबई व पुणे येथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या भूमिकेचा ऐतिहासिक अभ्यास (१८९६-१९०७)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यात आलेली प्लेगची साथ ही महाराष्ट्राच्या सामाजिक व राजकीय इतिहासातील एक महत्त्वाची घटना होय. मराठी इतिहासलेखनात या साथीचा उल्लेख प्रामुख्याने रँडचा वध, चापेकर बंधूंचे हौतात्म्य व लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला या संदर्भात येतो. राष्ट्रीय चळवळीच्या दृष्टीने हे स्वाभाविकच आहे. तथापि त्यामुळे दुसरा एक प्रश्न काहीसा बाजूला पडला. जनतेचे रोगापासून रक्षण करण्यासाठी नेमलेली यंत्रणा जनतेला रोगाइतकीच भयंकर का वाटू लागली, हा तो प्रश्न होय. पाश्चात्त्य अभ्यासकांपैकी डेव्हिड अर्नोल्ड यांनी आपल्या 'कॉलोनायझिंग द बॉडी' (१९९३) या ग्रंथात वसाहतकालीन वैद्यक व राज्यसत्ता यांच्या संबंधांची चर्चा करताना प्लेगला मध्यवर्ती स्थान दिले आहे. प्रस्तुत लेखात हा प्रश्न मुंबई व पुणे या दोन शहरांच्या अनुभवाच्या आधारे तपासला आहे.

उद्दिष्टे

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) प्लेगच्या साथीत आरोग्य प्रशासनाने योजलेल्या उपायांचे स्वरूप समजून घेणे.
२) त्या उपायांमागील कायदेशीर अधिकार व शास्त्रीय ज्ञान यांचे परीक्षण करणे.
३) प्रशासनाच्या सक्तीस लोकांनी दिलेला प्रतिसाद व त्यातून धोरणात झालेला बदल यांचा आढावा घेणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

साथीचे आगमन व मुंबई नगरपालिकेची पहिली पावले

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात तापाचे व गाठींचे रुग्ण आढळू लागले. धान्याची गोदामे, दाट वस्ती आणि बंदराचे सान्निध्य ही या भागाची वैशिष्ट्ये होती. तेथे व्यवसाय करणारे गोमंतकीय डॉक्टर व नगरपालिकेचे सदस्य अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी हा रोग प्लेग असल्याचे निदान केले आणि २३ सप्टेंबर रोजी ते जाहीर केले. रोगाचे जंतू १८९४ मध्येच हाँगकाँग येथे येर्सिन यांनी ओळखले होते. मात्र रोग माणसापर्यंत कसा पोहोचतो हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. पुढील सर्व घटनाक्रम समजून घेण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

नगरपालिकेचे आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी ६ ऑक्टोबर १८९६ रोजी अधिसूचना काढून रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. आरोग्य अधिकारी डॉ. वीयर यांच्या देखरेखीखाली गटारे समुद्राचे पाणी व कार्बोलिक आम्ल यांनी धुण्यात आली. घरांना चुना लावण्यात आला आणि उजेड आत यावा म्हणून छपरांची कौले काढण्यात आली. राहण्यास अयोग्य ठरविलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' ही अक्षरे रंगविण्यात येत. रोगाचे मूळ घाणीत, दमट हवेत व अंधारात आहे या तत्कालीन समजुतीस हे सारे उपाय धरून होते.

लोकांनी मात्र या उपायांचा अर्थ निराळा लावला. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, हा सर्वसाधारण अनुभव होता. बहुतेक रुग्ण अखेरच्या अवस्थेत तेथे पोहोचत आणि मृत्यूचे प्रमाण त्यामुळे भयावह दिसे. घरातील माणसांपासून तोडून परक्या जातीच्या हातचे अन्नपाणी घेण्याची वेळ आणणारी जागा, असे रुग्णालयाचे चित्र जनमानसात तयार झाले. रुग्णांना मुद्दाम मारले जाते अशा अफवाही पसरल्या. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी प्रशासनाने माघार घेतली आणि घरीच वेगळे ठेवण्याची सोय असलेल्या रुग्णांना हलविले जाणार नाही असे जाहीर केले.

या माघारीमागील एक कारण विशेष उल्लेखनीय आहे. सक्तीला कंटाळून शहरातील हलालखोर व झाडूवाले निघून गेले तर मुंबईची सफाई एका दिवसात कोलमडेल, ही आयुक्तांची मोठी भीती होती. शहराचे आरोग्य ज्यांच्या श्रमावर उभे होते तो वर्ग समाजव्यवस्थेत सर्वांत खाली होता आणि त्याच्या संमतीवाचून आरोग्य यंत्रणा एक पाऊलही टाकू शकत नव्हती. १८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांहून अधिक होती. १८९७ च्या प्रारंभापर्यंत तीपैकी जवळपास निम्मे लोक शहर सोडून गेले. कोकणात व देशावर आपापल्या गावी परतणाऱ्या या लोकांबरोबर रोगही अनेक ठिकाणी पोहोचला.

१८९७ चा साथरोग अधिनियम

मुंबई हे साम्राज्याचे प्रमुख व्यापारी बंदर होते. भारतातून येणारा माल व प्रवासी यांवर युरोपीय राष्ट्रे निर्बंध घालतील अशी धास्ती सरकारला होती. फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत भारतातील प्लेग हाच मुख्य विषय होता. या पार्श्वभूमीवर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला.

हा अधिनियम अवघ्या चार कलमांचा होता. साथ पसरण्याचा धोका असल्यास सरकारला आवश्यक वाटतील ते नियम करता येतील, प्रवाशांची तपासणी करता येईल आणि संशयितांना रुग्णालयात अथवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळे ठेवता येईल, अशी त्यात तरतूद होती. नियम मोडणाऱ्यास भारतीय दंड संहितेच्या १८८ व्या कलमानुसार शिक्षा होती. अधिनियमाखाली सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणाही व्यक्तीवर दावा लावता येणार नाही, असे अखेरचे कलम सांगत होते.

या अधिनियमाने अधिकार दिले, परंतु त्या अधिकारांबरोबर येणारी कर्तव्ये सांगितली नाहीत. रुग्णास कोणती सेवा मिळावी, घेतलेल्या निर्णयाविरुद्ध दाद कोठे मागावी, लोकांना उपायांची माहिती कशी द्यावी, यांविषयी त्यात एक शब्दही नव्हता. संरक्षण होते ते अधिकाऱ्यास. ज्याच्या घरात अधिकारी शिरणार होता त्याला मात्र नव्हते. पुण्यात पुढे जे घडले त्याची बीजे या रचनेत होती.

पुणे : विशेष प्लेग समितीचा कारभार

पुण्यात १८९६ च्या अखेरीस प्लेगने मूळ धरले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड यांची विशेष प्लेग समितीच्या अध्यक्षपदी नेमणूक झाली. मार्चमध्ये मुंबईतही ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली अशीच समिती नेमण्यात आली. आरोग्याचे काम लोकनियुक्त सदस्य असलेल्या नगरपालिकांकडून काढून सनदी व लष्करी अधिकाऱ्यांच्या हाती देण्यात आले, हा या नेमणुकांचा खरा अर्थ होता.

पुण्यातील घरतपासणी १३ मार्च १८९७ रोजी सुरू झाली. सुमारे ९०० अधिकारी व सैनिक या कामासाठी देण्यात आले होते. पेठांमधील वाड्यांत तुकड्या शिरत, खोल्याखोल्यांतून रुग्णांचा शोध घेत आणि संशयितास रुग्णालयात नेत. घरातील इतरांची रवानगी विलगीकरण छावणीत होई. मागाहून जमीन खणणे, चुना लावणे, औषधी द्रव शिंपडणे व कपडेलत्ते जाळणे ही कामे केली जात. लोकांच्या धर्मभावना व स्त्रियांचा पडदा यांचा मान राखावा अशा लेखी सूचना होत्या. परंतु मराठी न समजणारा शस्त्रधारी सोजीर देवघराच्या उंबऱ्यावर बुटांसह उभा राहिला की त्या सूचनांचा घरच्या माणसांना काहीच उपयोग नव्हता. वस्तू गहाळ होणे, देवघरांची विटंबना व स्त्रियांशी असभ्य वर्तन अशा तक्रारी वृत्तपत्रांतून वारंवार येऊ लागल्या.

या तक्रारींचे पुढे काय झाले, हे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. त्या वेळी इंग्लंडमध्ये असलेल्या गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सैनिकांच्या अत्याचारांचे गंभीर आरोप तेथील वृत्तपत्रात प्रसिद्ध केले. परत आल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढे आले नाही आणि ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांना जाहीर माफी मागावी लागली. तक्रार करणाऱ्यास आपली बाजू निर्भयपणे मांडता येईल अशी कोणतीही स्वतंत्र यंत्रणा पुण्यात नव्हती. खऱ्या तक्रारी आणि अफवा एकमेकांपासून वेगळ्या करण्याचे साधनच त्यामुळे नाहीसे झाले. ज्या प्रशासनाला तक्रार ऐकायची नसते त्याला अफवेशी सामना करावा लागतो, हे यातून दिसून येते.

लोकनेत्यांची भूमिका सरसकट विरोधाची नव्हती. टिळकांना उपाययोजनेची गरज मान्य होती. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली, स्वतः पुण्यात राहिले आणि हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. त्यांचा आक्षेप कामाच्या रीतीवर होता. याच काळात सावित्रीबाई फुले व त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत हे पुण्याबाहेर प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होते. रुग्णसेवेतच रोगाची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. समितीची घरतपासणी सुरू होण्यास तेव्हा तीनच दिवस उरले होते. त्यांच्या सेवाकार्यात आणि समितीच्या मोहिमेत साधनसामग्रीचे अंतर अफाट होते. तरीही लोक सावित्रीबाईंकडे रुग्ण आणीत आणि समितीपासून रुग्ण लपवीत, ही बाब महत्त्वाची आहे.

रुग्ण लपविण्याचे परिणाम आरोग्याच्या दृष्टीने घातक होते. मृत्यूची नोंद टाळली जाई, आजारी माणसास रातोरात दुसऱ्या गावी नेले जाई. रोगाचा प्रसार थांबविण्यासाठी योजलेला उपाय अशा रीतीने प्रसारास साह्यभूत ठरला.

मे महिन्यात रोग ओसरला आणि समितीचे काम थांबले. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानंतर गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावले, तर रँड ३ जुलै रोजी. दामोदर हरी चापेकर यांनी आपल्या जबानीत प्लेगच्या काळातील जुलमाचा उल्लेख केला होता. त्यांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी देण्यात आली.

शास्त्रीय ज्ञानाची मर्यादा

पुण्यातील साथ समितीच्या कठोर उपायांमुळे ओसरली, असा प्रशासनाचा समज होता. आजच्या ज्ञानाच्या आधारे तो टिकत नाही. प्लेग हा मूलतः उंदरांचा रोग असून उंदीर मेल्यावर त्याच्या अंगावरील पिसवा माणसाला चावतात आणि रोग पसरतो. कडक व कोरड्या उन्हाळ्यात पिसवांची संख्या घटते, म्हणून दख्खनच्या पठारावर साथ त्या काळात मंदावते. पावसाळ्यानंतर पुण्यात प्लेग पुन्हा आला आणि १८९९ मध्येही शहराने त्याचा तडाखा अनुभवला.

पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराची येथील प्रयोगांतून पिसवांचा संबंध दाखवून दिला. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनानंतरच हा सिद्धान्त सर्वमान्य झाला. याचा अर्थ असा की, १८९७ मध्ये माणसाला माणसापासून तोडणारी सारी सक्ती मुख्यत्वे चुकीच्या लक्ष्यावर रोखलेली होती. गटारे धुतल्याने बिळांतील उंदीर घरांकडे पांगले असण्याचीही शक्यता आहे.

त्या काळच्या अधिकाऱ्यांना नंतरच्या ज्ञानाच्या फुटपट्टीने मोजणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणारे नाही. अज्ञान हा त्यांचा दोष नव्हता. अपुऱ्या ज्ञानावर पूर्ण खात्रीने वागणे आणि लोकांच्या अनुभवास ज्ञान न मानणे, हा मात्र निश्चितच दोष होता. घरात उंदीर पडू लागले की घर सोडून रानात झोपड्या घालून राहावे, ही रीत महाराष्ट्रातील गावोगावी रूढ झाली होती. गाठीच्या रोगाचा आणि मेलेल्या उंदरांचा संबंध लोकांनी निरीक्षणाने ओळखला होता. शास्त्र ज्या निष्कर्षाकडे पुढे वळणार होते त्याच्या जवळपास लोकव्यवहार आधीच पोहोचला होता.

लस, सहकार्य आणि विश्वासाची कसोटी

सक्तीच्या उपायांशी तुलना करण्याजोगे उदाहरण प्लेगच्या लसीचे आहे. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. १८९७ मध्येच पोर्तुगीज अमलाखालील दमण येथे मोठ्या प्रमाणावर लस टोचण्यात आली. तेथे टोचून घेतलेल्या सुमारे २,२०० लोकांपैकी ३६ दगावले, तर न टोचलेल्या सुमारे ६,००० लोकांपैकी जवळपास १,५०० मृत्युमुखी पडले.

लसीबद्दलही लोकांच्या मनात शंका होत्याच. परंतु येथे प्रशासनाने बहुतांशी समजुतीचा मार्ग धरला. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान यांनी आपली वास्तू हाफकिन यांना वापरण्यास दिली आणि स्वतः जाहीरपणे लस टोचून घेतली. अनुयायांनी त्यांचे अनुकरण केले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले.

विश्वास किती नाजूक असतो याचे प्रत्यंतर ऑक्टोबर १९०२ मध्ये आले. पंजाबातील मलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. पंजाबातील लसीकरणाची मोहीम त्यामुळे थंडावली आणि हाफकिन यांच्यावर ठपका आला. दोष प्रयोगशाळेचा नसून गावात बाटली उघडताना झालेल्या निष्काळजीपणाचा असावा, हे रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी पुढे आणले आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. या पाच वर्षांत पंजाबात प्लेगने प्रचंड संहार केला. अपघाताची कारणे त्वरित व उघडपणे लोकांपुढे ठेवण्यात झालेली दिरंगाई ही देखील आरोग्य प्रशासनाचीच उणीव होय.

धोरणातील बदल

सक्तीविरुद्धचा असंतोष पुण्यापुरता मर्यादित राहिला नाही. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईतील मदनपुरा भागात एका मुस्लिम विणकर कुटुंबातील मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. एप्रिल १९०० मध्ये कानपूर येथेही रक्तपात झाला. सक्तीने रोग आवरत नाही आणि राज्याची शांतता मात्र भंग पावते, हे सरकारच्या ध्यानात आले. मुंबईत गॅटेकर यांच्या जागी आलेले सर जेम्स कॅम्पबेल हे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे संपादक म्हणून अभ्यासकांना परिचित आहेत. निरनिराळ्या ज्ञातींची स्वतंत्र रुग्णालये ही या काळातील व्यवस्थेचा महत्त्वाचा भाग बनली. स्वकीयांच्या सहवासात उपचार मिळू लागल्याने रुग्णालयाविषयीची भीती काही अंशी कमी झाली. पुण्यात स्वयंसेवकांना तपासणीच्या कामात सहभागी करून घेण्यात आले आणि माफीच्या प्रसंगाने दुखावलेले गोखले स्वतः या कामात उतरले. १९०० पर्यंत सक्तीचे विलगीकरण व मृतदेहांची तपासणी हे उपाय बहुतांशी मागे पडले. त्यांची जागा स्वेच्छेने केलेले स्थलांतर, लसीकरण आणि पुढे उंदरांचा नायनाट यांनी घेतली.

या बदलाच्याही मर्यादा होत्या. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, परंतु विस्थापित झालेल्या सर्व गरिबांना परवडणारी घरे मिळाली नाहीत. ते शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागले. त्याचप्रमाणे, सक्ती कमी झाल्यामुळे प्लेग हटला असेही म्हणता येणार नाही. त्यानंतरच्या काही दशकांत देशभर एक कोटीहून अधिक लोक प्लेगला बळी पडले. सक्ती सोडताना सरकारने खर्चिक जबाबदारीतूनही अंग काढून घेतले, हा आक्षेप म्हणूनच विचारात घ्यावा लागतो.

निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.
१) साथीच्या काळात आरोग्य प्रशासनाला विशेष अधिकार असणे आवश्यक आहे. परंतु कर्तव्यांची जोड नसलेले अधिकार लोकांत भीती निर्माण करतात आणि भीतीपोटी रोग लपविला जातो.
२) शास्त्रीय ज्ञान अपुरे असताना उपायांची मर्यादा लोकांना सांगणे व त्यांच्या अनुभवाची दखल घेणे हे प्रशासनाच्या हिताचेच असते.
३) रुग्णालय, लस अथवा स्थलांतर यांपैकी कोणताही उपाय समाजातील विश्वासू व्यक्तींच्या सहभागाने अधिक प्रमाणात स्वीकारला गेला.
४) स्वतंत्र तक्रार निवारणाच्या अभावी अफवा व हिंसा यांना वाव मिळाला.

समारोप

१८९७ चा अधिनियम स्वातंत्र्यानंतरही अमलात राहिला. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत महाराष्ट्र शासनाने त्याचाच आधार घेतला. त्या वर्षी झालेल्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांना हल्ल्यापासून संरक्षण मिळाले, आणि ते आवश्यकच होते. रुग्णाचे व विलगीकरणात ठेवलेल्या माणसाचे हक्क मात्र त्यातही लिहिले गेले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने या अधिनियमाचा सर्वंकष आढावा घेऊन त्यातील उणिवांकडे लक्ष वेधले. पुण्याच्या पेठांमधील घरांनी १८९७ मध्ये प्रशासनापुढे दारे लावून घेतली होती. ती पुन्हा उघडण्यासाठी सैन्य उपयोगी पडले नाही, शेजारचा ओळखीचा स्वयंसेवक उपयोगी पडला. नव्या कायद्याचा मसुदा करताना हा अनुभव विचारात घेतला गेला, तरच प्लेगच्या इतिहासापासून काही बोध घेतला असे म्हणता येईल.